नागनाथच्या जीपचा काळा धूर

मी जीप आहे. आळंदच्या स्टँडवर उमरग्याकडे तोंड करून जी निळी जीप उभी दिसते, ती मी. गोड बोलणं मला जमत नाही. शाळा मी बाहेरूनच पाहिली, मास्तर लोकांना दारात सोडण्यापुरती. घडलं ते सांगते. पटलं तर घ्या.

माझा जन्म मुंबईचा. कारखान्यात आम्ही सगळ्या एका ओळीत उभ्या होतो, एकसारख्या. कोणी कुठं जायचं हे गाडी ठरवत नाही. मला म्हैसूर राज्यात पाठवलं. कर्नाटक हे नाव अजून पडायचं होतं. गुलबर्ग्याला उतरले, सरकारी राखाडी रंग अंगावर घेऊन आळंद तालुक्यात आले आणि साहेबाच्या सेवेला लागले.

तालुका काळ्या मातीचा. उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात असा चिखल, की चाक एकदा बसलं की अर्धा गाव ढकलायला लागे. साहेब लांबचा, त्याला वाटा ठाऊक नसत.

मादन हिप्परग्याला दौरा असला की वेशीबाहेर एक माणूस उभा असायचा. उंच, काटक, डोक्याला तांबड्या काठाचा पांढरा पटका. नाव माणिकप्पा. गावकीचं काम त्याच्या घराकडे होतं. साहेबाची गाडी आली की तिच्यापुढं पळायचं. वाट दाखवायची, रस्त्यातली गुरं बाजूला करायची, चावडीपर्यंत गाडी पोचवायची आणि मग लांब उभं राहायचं. ही वेठ कायद्यानं बंद झाली होती. पण कायदा पायी येतो, साहेब जीपमधून येतो.

माणिकप्पाचं तोंड मला फारसं आठवत नाही. त्याची पाठ आठवते. धुळीत पळणारी पाठ, आणि मागं उडणारा पटक्याचा शेव.

एकदा हिप्परग्याच्या अलीकडं माझ्या पाण्याची रबरी नळी फाटली. वाफ उडाली, साहेब खाली उतरून सावलीला गेला. ड्रायव्हरनं फडकं मागितलं. कुणाजवळ नव्हतं. माणिकप्पानं डोक्यावरचा पटका सोडला, दातानं धरून त्याची एक पट्टी फाडली आणि दिली. ती गरम नळीला गच्च बांधली, चरवीभर पाणी ओतलं, मी चालू झाले. साहेब बसला. माणिकप्पाला कुणी बस म्हटलं नाही. उरलेला पटका त्यानं डोक्याला गुंडाळला, आखूड झालेला, एका बाजूनं फाटका, आणि परत पुढं पळायला लागला.

त्या दिवशी त्याचा मुलगा नागनाथ चावडीजवळ उभा होता. तेव्हा तो ट्रकवर क्लीनर होता, नुकतं लग्न झालेला. त्यानं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. बोलला काही नाही. नागनाथ जे बोलत नाही, ते करतो.

पुढं सरकारनं मला वापरून संपवलं. राज्याचं नाव बदललं तशी नवी गाडी आली, आणि मला कचेरीमागं लावलं. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग लिलाव निघाला. नागनाथ तोवर ट्रकचा पक्का ड्रायव्हर झाला होता. लिलावात माझ्यापेक्षा बऱ्या दोन गाड्या होत्या. बरोबरच्यांनी त्याला समजावलं.

"ती घे की. हिचा तर सांगाडा उरलाय."

"हीच पायजे."

"कामून पण?"

"हीच पायजे."

त्यानं मला निळा रंग दिला. मीटरशेजारी बाबासाहेबांचा लहानसा फोटो लावला. बाकी काही लावलं नाही. छप्पन सालापासून त्या घरात देव नव्हते, अंगारा नव्हता, लिंबू-मिरची नव्हती. दसऱ्याला स्टँडवरच्या सगळ्या गाड्या झेंडूनं मढायच्या. चाकाखाली लिंबं ठेवायची, कुंकू भरलेला कोहळा आपटायचा, नारळ फोडायचा. नागनाथ मला नुसतं धुवायचा. त्याच्या घरी दसरा म्हणजे धम्म घेतल्याचा दिवस. पांढरे कपडे घालून माणसं माझ्यात बसायची आणि मी त्यांना विहारात न्यायची.

स्टँडवरचे टोचायचे. "नागनाथअण्णा, एक लिंबू तरी बांध की. नजर लागंल गाडीला."

"ब्रेक बांधलेत," तो म्हणायचा.

मला घेतल्यावर पहिल्यांदा तो कुठं गेला असेल, तर हिप्परग्याला, बापाला घ्यायला. माणिकप्पा थकला होता. वेशीत आला, माझ्यावरून हात फिरवला. नागनाथनं इंजिन चालू केलं. आवाज झाला आणि म्हातारा वळून माझ्यापुढं पळायला लागला.

कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पायांनी आवाज ओळखला होता.

नागनाथनं ब्रेक मारला, उतरला, बापाचा दंड धरला. "बा, कुठं पळायलास? बस की हितं."

"कुठं?"

"म्होरं. माझ्याजवळ."

माणिकप्पानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पुढच्या सीटवर अंग चोरून बसला, जसा साहेबाच्या खुर्चीवर बसावा.

"चपला घाल."

"माती जाईल गाडीत."

"जाऊ दे माती. गाडी तुझी हाय."

म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. आळंद येईपर्यंत चपला मांडीवर होत्या. नागनाथ सारा रस्ता समोर बघत राहिला. त्यानंतर माणिकप्पा जेव्हा जेव्हा माझ्यात बसला, तेव्हा तेव्हा हाच वाद झाला, आणि दर वेळी म्हातारा जिंकला. तो गेला तेव्हा नागनाथच्या बायकोनं, विमलबाईनं, त्याचा पटका धुऊन घडी करून पेटीत ठेवला. नागनाथला वाटलं, तो बापाबरोबर गेला.

मधल्या काळात वीरण्णा मेकॅनिकनं माझं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. माणसाचं काळीज बदललं तर माणूस तोच राहतो का, मला ठाऊक नाही. मी तीच राहिले. फक्त आवाज जाड झाला.

नागनाथची एक शिस्त होती. माझा हवेचा डबा तो दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. इंजिन ज्या डब्यातून हवा ओढतं तो हा डबा. खाली तेलाची वाटी असते, तिच्यात धूळ बसते. आमच्याकडची धूळ तुम्हाला सांगायला नको. आठवड्याला वाटी काढायची, पुसायची, नवं तेल भरायचं. हे तो स्वतः करायचा आणि चारचौघांत सांगायचा. वरचं झाकण मात्र कुणी काढत नाही. तिथं नुसती जाळी असते.

गेल्या तुरीच्या राशीच्या दिवसांत करजगीहून येताना तुरीच्या पेंढ्यांची बैलगाडी एकदम आडवी आली. नागनाथनं मला रस्त्याखाली घातलं म्हणून बैल वाचले. मी खड्ड्यात कलंडले, त्याचा खांदा मोडला. प्लॅस्टर घालून तो अंगणात बसला, समोर मी. स्टँडवरचे बघायला आले आणि जाताना विमलबाईला ऐकू जाईल असं म्हणाले, "लिंबू बांधला असता तर हे झालं नसतं."

नागनाथ हसला. विमलबाई हसली नाही.

खड्ड्यात पडल्यानं डबाही हलला होता. नागनाथनं एका हातानं वरचं झाकण उघडलं, आतली रबराची चकती तुटलेली निघाली. नवी गुलबर्ग्याहून यायची होती. तोवर डबा तसाच उघडा राहिला. एका दुपारी तो झोपलेला असताना विमलबाई माझ्याजवळ आली. बॉनेट उघडंच होतं. तिनं आत वाकून बघितलं. जागा कोरडी, रिकामी, झाकणाची, घरातल्या डब्यासारखी. तिनं पदराखालून घडी काढली आणि जाळीवर ठेवली. कापड मला ओळखीचं होतं. एका बाजूनं फाटलेलं होतं.

चकती आली. नागनाथनं आत न बघता, एका हातानं चाचपत झाकण बसवलं आणि वरची चावी, म्हणजे पिळून बसवायचा नट, घट्ट केली.

त्या दिवसापासून माझा श्वास अडला. तोंडावर हात ठेवून पळायला लावावं तसं व्हायचं. चढ आला की दम संपायचा आणि मागून काळा धूर निघायचा. मला ठाऊक होतं काय अडलंय, पण गाडीचं ऐकतो कोण. घरघर केली तर म्हणतात, म्हातारी झाली.

त्याच सुमाराला नवा नियम आला. भाड्याच्या गाड्यांचा धूर तपासायचा. गुलबर्ग्याच्या मैदानात यंत्र मांडलं होतं. गाडी उभी ठेवून जोरात रेस द्यायला लावत आणि धुराच्या नळीत यंत्राची नळी घालत. यंत्रात पांढरा गोल कागद. धूर त्यातून ओढला की कागद सांगतो.

माझा कागद तव्याच्या बुडासारखा निघाला.

सिद्धलिंगप्पा नावाचे इन्स्पेक्टर होते. सरळ माणूस. त्यांनी कागद नागनाथच्या हातात दिला. "बघा तुम्हीच. एक महिना देतो. दुरुस्त करून आणा. परत असाच आला तर परमिट थांबवावं लागेल. माझ्या हातात नाही."

नागनाथचा मुलगा धम्मपाल गुलबर्ग्याला हायस्कुलात मास्तर आहे. तो मैदानात आला होता. चांगला मुलगा. बापाचा खांदा मोडल्यापासून त्याच्या जिवाला घोर.

"अप्पा, पुरे करा आता," तो म्हणाला. "खोली रिकामी ठेवलीय तुमच्यासाठी. आईला बी करमेल. ही गाडी आता फक्त वजनावर जाईल."

"वजनावर?"

"भंगारवाल्याला विचारून ठेवलंय."

नागनाथनं काळा कागद घडी करून खिशात ठेवला. "महिन्यानं हितंच ये. नापास झाली तर किल्ली तुझ्या हातात देतो. मंग तुझी खोली अन मी."

तो शब्द फिरवणारा माणूस नाही. हे धम्मपालला ठाऊक होतं, मलाही. परतताना बाजाराच्या टोकाला भंगारवाल्याचं आवार लागतं. तिथं माझ्यासारखीच एक पडली होती, दारं काढलेली, आतून गवत वर आलेलं. नागनाथनं तिकडं पाहिलं नाही. मी पाहिलं.

वीरण्णाच्या गॅरेजात मला लावलं. वीरण्णा तोंडाचा फटकळ, पण हात चांगला.

"अण्णा, एक इचारू? डिझेलात रॉकेल घालायलास का?"

"माझ्या गाडीत रॉकेल? हे म्हणणारा तू पयलाच."

"इचारलो फक्त. समदेच घालायलेत."

"समद्यांना इचार मंग."

"होगली बिडु," वीरण्णा म्हणाला. सोडून दे म्हणायचं असलं की त्याला कानडी सुचतं. "हवेचा डबा उघडून बघू का?"

"डबा मी परवाच धुतलो."

"वरचं झाकण काढलास का?"

"धुतलो म्हणलो न्हवं. डब्याला हात लावू नको."

नागनाथनं असं म्हटल्यावर आळंदात कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. वीरण्णानंही विचारलं नाही. त्यानं नोझल काढून साफ केले, पंप सोलापूरला पाठवून नीट करून आणला, हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले. माझी आतडी पोत्यावर मांडली होती. येणारेजाणारे बघायचे आणि च्यक करायचे. एवढं करून चालू केलं की तोच काळा धूर. नागनाथ दररोज नळीपाशी पांढरा रुमाल धरून बघायचा आणि रुमाल खिशात घालायचा. खिशात काळं साठत चाललं होतं. तो जेवेनासा झाला.

मुदतीच्या आदल्या दिवशी विमलबाई भाकरी घेऊन गॅरेजात आली. माझे मोकळे भाग बसवून झाले होते. नागनाथ डिझेल आणायला गेला होता.

"वीरण्णा, काय झालंय म्हणायचं हिला?"

"दम लागायलाय, अक्का. पोटात डिझेल जायलंय, पण हवा पुरंना. मंग ते अर्धवट जळतंय अन काळं निघायलंय. पर हवा कुठं अडायलीय ते घावंना."

"हवा कुठनं घेती ही?"

वीरण्णानं हातातल्या पान्यानं डब्यावर टकटक केलं. "हितनं. हे नाक हिचं. अण्णा परवाच धुतलो म्हणतो, मंग हितं तर काय अडणार?"

विमलबाईनं डब्याकडं पाहिलं. तिच्या हातातली भाकरीची फडकी तशीच राहिली. मग ती खाली ठेवून विमलबाई निघून गेली. कालचं रिकामं भांडंही न्यायचं विसरली.

ती तिथं का बोलली नाही, ते मला कळतं. नवरा स्टँडवर, विहारात, सगळीकडं छाती ठोकून सांगणारा, माझ्या गाडीला काही लागत नाही. त्याच्याच गाडीच्या नाकात त्याच्याच बायकोनं काही घातलंय, हे वीरण्णाच्या तोंडून गावभर झालं असतं.

संध्याकाळी नागनाथनं मला घरी आणलं. ओल्या फडक्यानं सगळी पुसली. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. चालवायच्या जागेवर न बसता पलीकडच्या, बापाच्या सीटवर जाऊन बसला. दिवे लागले तरी बसून होता. विमलबाई दोनदा दारापर्यंत आली आणि परत गेली.

उजाडता उजाडता मला जाग आली ती बॉनेट उघडल्यानं. विमलबाई होती. हातात चुलीजवळची सांडशी. तिनं झाकणाची चावी धरली आणि पिळायला लागली. चावी हलेना. सांडशी घसरत होती, तिच्या बोटाला लागत होतं, ती परत धरत होती.

"कोण हाय?" दारातून नागनाथचा आवाज आला.

"मीच."

"काय करायलीस गाडीला?"

ती वळली नाही. "तुमच्या बाला भाईर काढायलेय."

नागनाथ पुढं आला. तिच्या तोंडाकडं पाहिलं, सांडशीकडं पाहिलं. तिला बाजूला केलं नाही. तिच्या शेजारी उभा राहून पान्यानं चावी सोडवली आणि झाकण उचललं.

आत घडी होती. काळी, तेलानं जड, धूळ पिऊन जाड झालेली. नागनाथनं ती बॉनेटवर उलगडली. कुठं तांबडा काठ दिसतो का बघत होता. मग त्याचा हात फाटक्या कडेवर आला आणि तिथंच थांबला.

"कवा घातलीस?"

"तुमचा खांदा मोडला तवा. तुमी निजला व्हता."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर हासला असता. लिंबू न्हाई, बिब्बा न्हाई, अंगारा न्हाई. देव बी न्हाई. तुमचा सोताचा बा. म्या काय मोडलं सांगा."

"बा जनमभर हिच्या म्होरं पळाला," नागनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "अन तू त्याला हिच्या नरड्यात कोंबलीस."

"मंग म्होरंच पळू द्यायचा व्हता का?" विमलबाई म्हणाली. "म्हनून आत घेतला."

 शेजारच्या घरी जातं सुरू झालं. नागनाथनं पटक्याची परत घडी केली, काळ्या हातांनी, नीट, कडेला कड लावून.

"रॉकेल आण," तो म्हणाला. "अन साबण."

माझ्या पोटात ज्याचा थेंब कधी गेला नाही, ते रॉकेल त्या दिवशी घरातून माझ्यासमोर आलं. नागनाथनं पटका स्वतः धुतला. हा माणूस स्वतःचा सदरा कधी धूत नाही. रॉकेलात चोळला, साबण लावला, दगडावर आपटला, परत साबण. पुरता पांढरा झाला नाही. पण तांबडा काठ वर आला.

मग त्यानं झाकण बसवलं आणि मला चालू केलं.

हवा आत आली. किती दिवसांनी, सगळी, थेट छातीपर्यंत. मागून एक मोठा काळा लोट गेला, साठलेला, आणि त्याच्यामागून येणारा धूर पातळ होत होत दिसेनासा झाला. विमलबाई मागच्या बाकावर येऊन बसली. ओला पटका तिच्या हातात.

गुलबर्ग्याची वाट गॅरेजावरून जाते. नागनाथनं तिथं थांबवलं. वीरण्णा दात घासत बाहेर आला, आवाज ऐकून कान टवकारले.

"काय केलास रे अण्णा हिला?"

"डबाच व्हता. वरच्या झाकणात."

"काय निघालं?"

"फडकं."

"फडकं? कोण इसरलं म्हणायचं?"

"मी."

वीरण्णानं चूळ थुंकली. "नागनाथअण्णा इसरला. अन आमी महिनाभर हिची आतडी उपसायलाव. हे स्टँडवर सांगू का न्हाई?"

"सांग."

एवढंच म्हणून त्यानं गिअर टाकला. आयुष्यात कुणासमोर चूक कबूल न केलेला माणूस, न केलेली चूक अंगावर घेऊन निघाला. आरशात मला विमलबाई दिसत होती. ती बाहेर बघत होती आणि डोळे पुसत नव्हती. पटक्याचं एक टोक तिनं मुठीत धरलं होतं, दुसरं माझ्या बाजूनं बाहेर सोडलं होतं, वाळायला. सारा रस्ता तो वाऱ्यावर उडत होता. पूर्वी तो माझ्यापुढं उडायचा. त्या दिवशी माझ्याबरोबर होता.

मैदानात धम्मपाल आधीच आला होता. सायकल टेकवून उभा. नागनाथनं त्याच्याकडं पाहून नुसती मान हलवली आणि मला रांगेत लावलं. पाळी आल्यावर रेस दिली. मी जीव खाऊन घुमले. यंत्राची नळी निघाली, सिद्धलिंगप्पांनी कागद काढला, उजेडात धरला, आपल्याजवळच्या नमुन्याशी लावून पाहिला. पुन्हा पाहिला.

कागद काळा नव्हता. विझल्या राखेचा रंग होता.

"परत एकदा रेस द्या," ते म्हणाले.

नागनाथनं दिली. दुसरा कागदही तसाच.

"पास आहे," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "काय केलात हो? इंजिन बदललात काय?"

"न्हाई साहेब. नाक शिंकरलो."

साहेब हसले. नागनाथ हसला नाही. त्यानं खिशातून जुना काळा कागद काढला, त्यावर नवा ठेवला आणि दोन्ही धम्मपालला दिले. किल्ली माझ्यातच राहिली.

धम्मपालनं कागद पाहिले. "मग खोली तशीच ठेवू का, अप्पा?"

"ठेव की. मुक्कामाला येऊ. गाडीनं येऊ."

तोवर धम्मपालची नजर आईच्या हाताकडं गेली. "हे काय गं आई?"

"तुझा आजा," विमलबाई म्हणाली.

नागनाथनं तिच्या हातातून पटका घेतला. वाळला होता. पुढच्या सीटच्या वर, माझ्या छपराच्या दांडीला त्यानं तो दोन वेढे देऊन बांधला. फाटकी कड बाहेर ठेवून. उघड्यावर, कुणालाही दिसेल असा.  धम्मपाल सायकल तिथल्या एका ओळखीच्याकडं देऊन मागं आईशेजारी येऊन बसला. "आळंदच्या घरापर्यंत सोडा," म्हणाला.

वीरण्णानं स्टँडवर सांगायचं ते सांगितलं. नागनाथला आता "फडकंवाला अण्णा" म्हणतात. तो मान वर करत नाही. नवे पॅसेंजर दांडीकडं बघून विचारतात, "काय अण्णा, नवस हाय का?"

"न्हाई," तो म्हणतो. "बा हाय."

मी म्हातारी झालेय, मला ठाऊक आहे. पुढल्या तपासणीत पास होईन की नाही, सांगता येत नाही. एक दिवस कागद खरोखरीच काळा निघेल, फडक्याशिवाय, आणि त्या दिवशी नागनाथ किल्ली देईल. रडायची दोघांचीही रीत नाही. तोवर मी रोज सकाळी उमरग्याकडं तोंड करून उभी असते.

कधी आळंदला आलात तर बसा माझ्यात. पुढची जागा मोकळी असेल तर तिथंच बसा, मागं जाऊ नका. पायाला काळी माती असली तरी चालेल. फक्त चपला काढू नका. काढल्या तर नागनाथ गाडी हलवत नाही.